ज्यू समाज व समलिंगी व्यक्तींचे हक्क

समलिंगी, पारलिंगी व तृतीयपंथी व्यक्तींना कायद्यापुढे समानता लाभावी आणि नोकरी, निवास, उपासना इ. बाबतींत त्यांना भेदभावापासून संरक्षण मिळावे, यासाठी ज्यू सुधारक व ज्यू धर्मसंस्था यांनी केलेले कार्य. ह्या कार्याचे स्थूलमानाने दोन प्रवाह आढळतात : पहिला शास्त्रीय व विधिविषयक, तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत उगम पावला. दुसरा धार्मिक असून तो १९७० नंतर अमेरिकेत विकसित झाला. यांपैकी पहिल्याशी महाराष्ट्रातील एका महत्त्वाच्या खटल्याचे वैचारिक नाते आहे.

जर्मनीच्या १८७१ च्या दंडसंहितेतील १७५ व्या कलमान्वये पुरुषांमधील समलिंगी संबंध हा गुन्हा होता. कलमाचा धाक दाखवून पैसे उकळणे सर्रास चाले. बर्लिनमधील ज्यू वैद्य मागनुस हिर्शफेल्ट (१८६८–१९३५) याने सहकाऱ्यांसह १८९७ मध्ये ‘शास्त्रीय-मानवतावादी समिती’ स्थापन केली. समलिंगी आकर्षण ही उपजत प्रवृत्ती आहे. सबब तिला शिक्षा देणे अन्यायाचे ठरते, अशी त्याची भूमिका होती. हे कलम रद्द व्हावे ह्या समितीच्या अर्जावर आल्बर्ट आइन्स्टाइन, टोमास मान आदींनी स्वाक्षऱ्या केल्या. १९१९ मध्ये त्याने बर्लिन येथे लैंगिक विज्ञान संस्था काढली. तो ज्यू, समाजवादी व समलिंगी असल्याने नाझींचा त्याच्यावर तिहेरी रोष होता. ६ मे १९३३ रोजी त्यांनी संस्था लुटली व चार दिवसांनी तेथील ग्रंथांची जाहीर होळी केली. हिर्शफेल्ट त्या वेळी परदेशी होता. तो मायदेशी परतू शकला नाही व फ्रान्समध्ये मरण पावला. पुढे छळछावण्यांत ज्यूंना पिवळी चांदणी, तर समलिंगी पुरुषांना गुलाबी त्रिकोण अंगावर वागवावा लागला. १७५ वे कलम पूर्णतः रद्द होण्यास १९९४ साल उजाडावे लागले.

हिर्शफेल्ट १९३१ मध्ये जगप्रवासाच्या ओघात भारतात आला होता. त्याच सुमारास मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे समाजस्वास्थ्य (१९२७–५३) ह्या मासिकातून लैंगिक प्रश्नांची शास्त्रीय चर्चा करीत होते. वाचकांच्या हस्तमैथुन, समलिंगी आकर्षण इ. विषयांवरील प्रश्नांना त्यांनी दिलेल्या उत्तरांबद्दल १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकीलपत्र डॉ. भीमराव आंबेडकर यांनी घेतले. लैंगिक विषयावरील लेखन केवळ त्या विषयामुळे अश्लील ठरत नाही, असे प्रतिपादून त्यांनी हॅवलॉक एलिसच्या संशोधनाचा आधार दिला. एलिस व हिर्शफेल्ट हे दोघेही १९२८ मध्ये स्थापन झालेल्या जागतिक लैंगिक सुधारणा संघाचे अध्यक्ष होते. न्यायालयाने हा युक्तिवाद अमान्य करून कर्व्यांना २०० रुपये दंड केला.

धार्मिक प्रवाहापुढील मुख्य अडचण म्हणजे बायबलच्या ‘लेवीय’ ग्रंथातील निषेधाज्ञा. सनातनी ज्यू पंथ ती आजही बंधनकारक मानतो. उलट सुधारणावादी पंथाने, माणूस ईश्वराच्या प्रतिमेनुसार निर्मिला गेला आहे, ह्या तत्त्वास प्राधान्य दिले. १९७२ मध्ये लॉस अँजेल्स येथे समलिंगी ज्यूंची पहिली प्रार्थनामंडळी स्थापन झाली. १९७७ मध्ये अमेरिकेतील सुधारणावादी पंथाने समलिंगी व्यक्तींना समान नागरी हक्क मिळावेत, असा ठराव केला आणि १९९० मध्ये त्यांना धर्मगुरुपद खुले केले. मध्यममार्गी पंथाने ते २००६ मध्ये केले. सॅन फ्रॅन्सिस्कोचा ज्यू लोकप्रतिनिधी हार्वी मिल्क याने १९७८ मध्ये तेथे भेदभावविरोधी नियम संमत करविला. त्याच वर्षी त्याची हत्या झाली. इझ्राएलमध्ये समलिंगी संबंध १९८८ मध्ये गुन्ह्यातून वगळले गेले आणि १९९२ मध्ये नोकरीतील भेदभावास बंदी झाली.

तथापि छळ सोसलेल्या समाजाच्या संस्था आपोआप समताधिष्ठित होत नाहीत. महाराष्ट्रातून इझ्राएलमध्ये गेलेल्या मराठी भाषिक बेने इझ्राएल समाजाला याचा प्रत्यय निराळ्या संदर्भात आला. १९६२ मध्ये तेथील धर्मपीठाने त्यांच्या विवाहापूर्वी वंशाची चौकशी करण्याचा आदेश दिला. प्रखर आंदोलनानंतर १९६४ मध्ये त्यात बदल झाला. समता मागून घ्यावी लागते, ही बाब दोन्ही लढ्यांत समान होय.

भारतात १८६० च्या दंडसंहितेतील ३७७ वे कलम ब्रिटिश राजवट संपल्यावरही कायम राहिले. सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींची स्वतंत्र ओळख २०१४ मध्ये मान्य केली आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीने होणारे समलिंगी संबंध गुन्हा नसल्याचा निर्णय दिला. कर्व्यांच्या खटल्यास तेव्हा ८४ वर्षे झाली होती. समलिंगी विवाहास मान्यता देण्यास मात्र ह्याच न्यायालयाने २०२३ मध्ये नकार दिला.