तबला बंद केला तेव्हा

गेली दहा-बारा वर्षं एक रेकॉर्ड माझ्या डोक्यातून जात नाही. ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. साल १९८२, कंपनी एचएमव्ही, वादक चरणजित सिंग. दहा राग, प्रत्येकी पाचेक मिनिटं. भैरवात यंत्रातून गाळून निघालेला एक आवाज ‘ॐ नमः शिवाय’ म्हणतो आणि त्याखाली डिस्कोचा ठोका अखंड पडत राहतो. पहिल्यांदा ऐकली त्या रात्री मी ती ओळीनं तीनदा लावली होती.

तो काळ वाचकांना सांगायला नको. १९८०चा ‘कुर्बानी’, पुढच्या वर्षी नाझिया हसनचा पहिला अल्बम ‘डिस्को दीवाने’, मग ‘डिस्को डान्सर’. त्याच लाटेत ही रेकॉर्ड निघाली आणि गुपचूप बुडाली. हिला गायिका नव्हती, पडद्यावर नाचणारं कुणी नव्हतं.

चरणजित सिंग हे मुंबईच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंतले वादक. गिटार, बेस, की-बोर्ड, जे लागेल ते. शंकर-जयकिशनपासून आर. डी. बर्मनपर्यंत अनेकांकडे ते वाजवत. नवं वाद्य आलं की आधी हातात घेऊन बघणारी मंडळी तेव्हा या शहरात होती; सिनेमासंगीतात मूग सिंथेसायझर आणणारे केरसी लॉर्ड त्यांतलेच. गाणी घराघरांत पोचली, या लोकांची नावं नाही पोचली. मला हा अन्याय वाटतो, आणि या रेकॉर्डवरचं माझं प्रेम निम्मं त्यातून आलेलं आहे.

सिंग यांनी सिंगापूरहून रोलँड कंपनीची यंत्रं आणली. ठेक्यासाठी टीआर-८०८, खर्जासाठी टीबी-३०३, सुरावटीसाठी ज्युपिटर-८. यंत्रांना एकमेकांशी बोलायला लावणारी ‘मिडी’ ही सामायिक पद्धत १९८३ साली आली. त्याआधी ही तीन धुडं तारांनी बांधून एका लयीत चालवायची, हे निगुतीचं काम होतं. पुढे मुलाखतीत त्यांनी आपला विचार सरळ सांगितला : सिनेमात डिस्को चाललाच आहे, तर राग वाजवू, ठेका डिस्कोचा ठेवू आणि तबला बंद करू.

यातलं ३०३ जरा जवळून बघण्यासारखं आहे. बेसगिटार वाजवणारा साथीला नसेल तर त्याच्या जागी वापरायला केलेली ही चंदेरी पेटी. एका आवर्तनात जास्तीत जास्त सोळा घरं. आधी सगळे सूर ओळीनं भरायचे, मग त्यांचा काळ वेगळा भरायचा. सोळा म्हटल्यावर आपल्याला तीनताल आठवतोच. तो निव्वळ योगायोग, पण मला आवडतो. सुरावरून सुरावर घसरत जाण्याची सोयही त्यात आहे, आणि तिथे कान टवकारतात. ही मींड का? अर्धीच. यंत्राची घसरण दर वेळी एकाच चालीनं होते. वाटेत कुठे रेंगाळायचं ते त्याला ठाऊक नसतं.

हा आक्षेप आपल्याकडे जुना आहे. पेटीत श्रुती बसत नाहीत, भैरवातल्या कोमल ऋषभाचं आंदोलन ठरीव पट्टीतून निघणार कसं, म्हणून आकाशवाणीनं १९४०पासून १९७१पर्यंत हार्मोनियम बंद ठेवली होती. आणि महाराष्ट्रानं तर गोविंदराव टेंब्यांची पेटी कान भरून ऐकली होती. वाद्याच्या मर्यादेत राहूनही रागाची वाट दाखवता येते, हे टेंब्यांच्या बोटांनी सिद्ध केलं होतं. सिंग यांची रेकॉर्ड मी त्याच रांगेत ठेवतो. शास्त्रीय मैफल म्हणून ती तोकडीच आहे. पण रागाचा चेहरा कुठेही पुसला जात नाही.

२००२ साली एदो बाऊमन या डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली. २०१० साली त्यानं ‘बॉम्बे कनेक्शन’तर्फे ती पुन्हा काढली आणि पश्चिमेत खळबळ उडाली. कारण हेच ३०३ आणि तोच वळवळता खर्ज घेऊन शिकागोच्या फ्यूचर या चमूनं १९८७ साली ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ काढलं होतं आणि त्यातून अ‍ॅसिड हाउस हा नृत्यसंगीताचा प्रकार उभा राहिला होता. मुंबईत हे पाच वर्षं आधी? काहींनी तर ही बनावट आहे, हल्लीच्याच कुणा संगीतकाराची करामत आहे, असा संशय घेतला. बाऊमन मुंबईत येऊन म्हाताऱ्या सिंगना भेटला होता, तरीही.

मग ‘अ‍ॅसिड हाउसचे जनक’ ही पदवी आली. मला ती मान्य नाही. शिकागोच्या पोरांनी ही रेकॉर्ड ऐकली असल्याचा काडीचाही पुरावा नाही. त्यांनी ३०३च्या खुंट्या पिळून आपला नाद आपणच शोधला. सारखेपणाचं कारण साधं आहे : रागात कॉर्ड बदलत नाहीत, षड्ज हलत नाही. एकाच सुराभोवती यंत्र फिरवलं की ते असंच वाजणार. त्यांचं श्रेय त्यांना द्यावं, आणि सिंगना त्यांचं.

उतारवयात सिंग यांनी युरोपातल्या रंगमंचांवर हेच राग वाजवले. २०१५च्या जुलैत ते मुंबईत गेले.

मी अजून ललित लावतो, पहाटे, उजाडायच्या आत. दोन मध्यम शेजारी शेजारी, पंचम वर्ज्य. खाली ८०८ ठोके देत असतं, आणि वर ज्युपिटरच्या पट्ट्यांवर एक माणूस शुद्ध मध्यमावर क्षणभर थांबतो.