दहा फुटांवरची टोपली

बास्केटबॉलचे कडे जमिनीपासून नेमके दहा फुटांवरच का असते, याचे उत्तर शरीरशास्त्रात सापडत नाही. ते एका इमारतीच्या बांधकामात सापडते. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथील वाय. एम. सी. ए.च्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नायस्मिथ या शिक्षकाने, हिवाळ्यामुळे चार भिंतींत कोंडल्या गेलेल्या अठरा विद्यार्थ्यांसाठी एक नवा खेळ रचला. त्याने मागितल्या होत्या दोन पेट्या. विद्यालयाच्या शिपायाने आणून दिल्या पीच फळांच्या दोन टोपल्या. व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला त्या ठोकण्यात आल्या आणि तो कठडा दहा फुटांवर होता. पुढे टोपलीचे लोखंडी कडे झाले, त्याला जाळी आली, मागे फळा आला, नियम कितीदा तरी बदलले. उंची मात्र सज्जाची होती तीच राहिली. ते अठरा विद्यार्थी अंगापिंडाने पूर्ण वाढलेले तरुण होते, ही गोष्ट मात्र कालांतराने सारेच विसरून गेले.

या विस्मृतीची किंमत आज पुण्यातील शाळांच्या पटांगणावर दहा-अकरा वर्षांची मुले मोजीत आहेत. पुण्याला मैदानी खेळांची परंपरा मोठी आहे. १९०६ साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याने खो-खोला नियमांची चौकट दिली. १९२४ साली कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी महाराष्ट्रीय मंडळाची स्थापना केली आणि त्याच संस्थेच्या चंद्रशेखर आगाशे महाविद्यालयातून १९७७ पासून शारीरिक शिक्षणाचे शिक्षक तयार होत आले आहेत. बास्केटबॉलपुरते बोलायचे, तर सोळा वर्षांखालील मुलींची पहिली आशियाई स्पर्धा २००९ साली पुण्यातच भरली होती आणि भारतीय महिला संघाचे नेतृत्व केलेली शिरीन लिमये ही पुण्याचीच. म्हणजे उणीव उत्साहाची नाही आणि गुणवत्तेचीही नाही. उणीव आहे ती शिकवण्याच्या पद्धतीत. ही पद्धत ज्या समजुतींवर उभी आहे, त्यांतील बऱ्याचशा समजुती गेल्या पन्नास वर्षांतील संशोधनाने निकालात काढल्या आहेत.

प्रथम चेंडूच्या वाटेचा विचार करू. हातातून सुटलेला चेंडू हवेत परवलयाकार मार्गाने जातो, हे दहावीच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. कड्याचा व्यास ४५ सेंटिमीटर, चेंडूचा सुमारे २४. वरून सरळ पडणाऱ्या चेंडूला ते कडे ऐसपैस वाटेल; पण चेंडू तिरका येतो आणि जितका तिरका तितके ते कडे त्याला चपटे, लंबगोल होत जाते. आडव्या रेषेशी ३२ अंशांहून कमी कोन करून येणारा चेंडू कड्याला न शिवता आत शिरूच शकत नाही. म्हणून चेंडूला उंची द्यायची. पण फार उंच फेकायचे तर वेग अधिक हवा, आणि वेग वाढला की हाताचे नियंत्रण सुटते. या दोन अडचणींच्या मधला मार्ग गणिताने काढता येतो. फ्री थ्रोच्या रेषेवरून कड्याचे केंद्र आडव्या अंतराने सव्वाचार मीटरांच्या आतबाहेर असते. प्रौढ खेळाडूच्या हातून चेंडू २.१ मीटर उंचीवर सुटला, तर सर्वांत कमी वेगात काम भागवणारा कोन सुमारे ५१ अंशांचा येतो आणि लागणारा वेग सेकंदाला ७.२ मीटरांचा. अशा रीतीने गेलेला चेंडू कड्यात शिरतो तो सुमारे ३९ अंशांनी. त्या वेळी त्याला दिसणारे तोंड असते २८ सेंटिमीटरांचे. २४ सेंटिमीटरांचा चेंडू आणि २८ सेंटिमीटरांची वाट, म्हणजे सवलत अवघी चार सेंटिमीटरांची. अमेरिकेतील ट्रॅन व सिल्व्हरबर्ग या अभियंत्यांनी २००८ साली संगणकावर लक्षावधी फेकी करून पाहिल्या, तेव्हा उंच खेळाडूसाठी ५२ अंशांचा कोन आणि सेकंदाला तीन गिरक्यांची उलटी फिरकी हाच मेळ सर्वोत्तम ठरला. उलट्या फिरकीमुळे कड्यावर वा फळ्यावर आपटलेला चेंडू उसळण्याऐवजी मंदावतो आणि पुष्कळदा आत घरंगळतो. बोटांच्या टोकांवरून चेंडू सोडण्याचा जुन्या प्रशिक्षकांचा आग्रह निराधार नव्हता, तो असा.

आता हेच गणित सव्वाचार-साडेचार फूट उंचीच्या मुलासाठी मांडून पाहावे. त्याच्या हातून चेंडू सुटतो दीड मीटरवर. कडे तेच, अंतर तेच. आता किमान वेगाचा कोन ५५ अंश होतो आणि वेग लागतो ७.७ मीटर. म्हणजे ज्याच्या दंडात बळ कमी, त्यानेच चेंडूला अधिक वेग द्यावा, अशी आपली अपेक्षा असते. चेंडूही बहुधा मोठ्यांचाच, सुमारे सहाशे ग्रॅमचा. मूल मग काय करते? चेंडू कमरेपाशी नेते, अंग पिळते, दोन्ही हातांनी खांद्याच्या मागून भिरकावते. कड्यापर्यंत पोहोचण्यासाठी त्या देहाने शोधून काढलेला तो सर्वांत शहाणा उपाय असतो. त्याला चूक म्हणणे अन्यायाचे आहे. पण हाच उपाय हजार वेळा केला की त्याची सवय होते आणि सोळाव्या वर्षी, अंगात बळ आल्यावर, प्रशिक्षक ती सवय मोडण्यात दोन वर्षे घालवतात. तोवर अर्धी मुले खेळ सोडून गेलेली असतात. 'याची उंची नाही, याच्या हाताला जोर नाही' असा शेरा त्यांच्या माथी मारलेला असतो, तो निराळाच.

उपाय नवा नाही. १९५० च्या सुमारास अमेरिकेत जे आर्चर याने लहानांसाठी लहान बास्केटबॉल सुरू केला, आणि आंतरराष्ट्रीय महासंघाच्या मिनी बास्केटबॉलमध्ये कडे २.६० मीटरवर, फ्री थ्रोची रेषा चार मीटरवर आणि चेंडू पाच क्रमांकाचा, पाचशे ग्रॅमच्या आतला असतो. वरचेच गणित या मापांना लावले, तर चेंडूला द्यावी लागणारी ऊर्जा सुमारे एक तृतीयांशाने उतरते. एवढा फरक पडला की तेच मूल कोपर चेंडूखाली आणून, एका हाताने, मनगट वळवून फेकू लागते. त्याला कोणी तसे सांगावेही लागत नाही.

उडीबाबतचे गैरसमज आणखी गमतीचे आहेत. थोर खेळाडू हवेत 'थांबतात' असे प्रेक्षक शपथेवर सांगतात. हवेत कोणीही थांबत नाही. पाय सुटल्यावर देहाच्या गुरुत्वमध्याचा मार्ग ठरून जातो. पन्नास सेंटिमीटर उडी मारणारा माणूस सेकंदाच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी काळ हवेत असतो. मात्र त्या काळाचा नेमका अर्धा भाग उडीच्या वरच्या पाव उंचीत जातो, कारण माथ्यापाशी वेग मंदावलेला असतो. आणि वर गेलेले पाय खाली सोडून खेळाडू डोके काही क्षण एका पातळीत ठेवू शकतो. 'थांबणे' ते एवढेच. जंप शॉटमध्ये चेंडू या मंद क्षणाच्या जरा आधी सोडायचा, की उडीचा जोरही मिळतो आणि हातही स्थिर राहतो.

उडीची उंची केवळ मांड्यांच्या जाडीवर ठरत नाही. इटलीचे शरीरशास्त्रज्ञ काव्हान्या यांनी १९६० च्या दशकात दाखवून दिले, की ताणला गेलेला स्नायू लगेच आकुंचन पावला तर अधिक काम करतो. म्हणूनच खाली बसून, थांबून मारलेल्या उडीपेक्षा झटकन गुडघे वाकवून लगोलग मारलेली उडी काही सेंटिमीटर उंच जाते. हातांचा झोका मिळाला तर आणखी. हा लाभ 'लगोलग'चा आहे. वाकणे आणि उसळणे यांत खंड पडला की तो ओसरतो. सोव्हिएत रशियातील वेर्खोशान्स्की यांनी यावरूनच उंच ठोकळ्यावरून खाली उडी घेऊन तत्क्षणी वर उसळण्याचा व्यायाम बसवला. पण तो बसवला होता वर्षानुवर्षे तयारी केलेल्या पट्टीच्या खेळाडूंसाठी. उन्हाळी शिबिरांतून तोच व्यायाम बारा वर्षांच्या मुलांना सिमेंटच्या कोर्टावर, वर्गातल्या बाकावरून उड्या मारायला लावून करून घेणे, याला उत्साह म्हणावे की अविचार, हे ज्याचे त्याने ठरवावे. उडी शिकवण्याआधी उतरणे शिकवले पाहिजे: गुडघे वाकवून, दोन्ही पायांवर, गुडघे आत न वळू देता. गुडघ्यातील पुढचा आडवा अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण या खेळात मुलींमध्ये मुलांच्या दुपटीहून अधिक आढळते, आणि ही दुखापत बहुधा कोणाच्या धक्क्याने होत नाही. उतरताना वा वळताना होते. योग्य व्यायामाने ती बऱ्याच अंशी टाळता येते. ज्या शाळा मुलींचा संघ अभिमानाने उतरवतात, त्यांनी आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटे या कामी खर्च केली, तर एखादीचे शस्त्रक्रियेत नि अंथरुणात जाणारे वर्ष वाचेल.

तथापि सर्वांत मोठा घोळ आहे तो सरावाच्या कल्पनेत. एका रांगेत मुले उभी करायची, एकाच जागेवरून प्रत्येकाने पन्नास फेकी मारायच्या, शिक्षकांनी 'कोपर आत, मनगट वळव' असे ओरडत राहायचे. हे दृश्य कोणत्या शाळेत दिसत नाही? घोकंपट्टीची ही मैदानी आवृत्ती आहे. केर व बूथ यांनी १९७८ साली आठ वर्षांच्या मुलांवर एक साधा प्रयोग केला. एका गटाने तीन फुटांवरच्या खुणेवर छोट्या पिशव्या फेकण्याचा सराव केला. दुसऱ्या गटाने दोन आणि चार फुटांवर, तीन फुटांवर एकदाही नाही. परीक्षा घेतली तीन फुटांवर, आणि सरस ठरला तो दुसरा गट. पुढच्याच वर्षी शे आणि मॉर्गन यांना आढळले, की तीन कौशल्ये एकापाठोपाठ एक घोटण्यापेक्षा ती सरमिसळ करून शिकणाऱ्यांची प्रगती सरावाच्या वेळी मंद दिसते, पण दहा दिवसांनी तपासले तर त्यांच्याच अंगात कौशल्य अधिक टिकलेले असते. गणिताच्या शिक्षकांना यात नवल वाटू नये. एकाच प्रकारची वीस उदाहरणे लागोपाठ सोडवणारा विद्यार्थी वर्गात हुशार ठरतो आणि सहामाहीत, कोणते सूत्र लावायचे हेच न कळल्याने, अडतो. त्या त्या क्षणी दिसणारी सफाई आणि झालेले शिक्षण या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि शिबिराच्या शेवटच्या दिवशी पालकांना दाखवायची असते ती पहिली.

याचा अर्थ पुनरावृत्ती निरर्थक आहे असा मात्र नव्हे. २००५ साली कीच, श्मिट आदी संशोधकांना दिसले, की मुरलेले खेळाडू फ्री थ्रोच्या नेमक्या रेषेवरून अपेक्षेपेक्षा अधिक अचूक असतात. आजूबाजूच्या अंतरांवरून तसे नसतात. हजारो वेळा एका जागेवरून फेकल्याचे फळ तेथे मिळते, पण ते त्या जागेपुरते. सामन्यात फ्री थ्रोखेरीज दुसरी कोणतीही फेक दोनदा सारखी येत नाही. रशियन शास्त्रज्ञ बर्नस्टाइन यांनी १९२० च्या दशकात लोहाराच्या घणाचे चित्रण करून पाहिले, तेव्हा घणाचे टोक दर वेळी जवळजवळ त्याच जागी पडत होते; खांदा, कोपर, मनगट यांची वाट मात्र दर वेळी वेगळी होती. कुशल देह एकच हालचाल पुन्हा करीत नाही, तो एकच प्रश्न पुन्हा सोडवतो. एके काळी सवाई गंधर्व महोत्सवाला रात्र रात्र बसलेल्या पुणेकरांना हे निराळे सांगायला नको. तीच बंदिश, तोच राग, आणि सम गाठण्याची वाट दर आवर्तनात नवी.

शिक्षकांच्या ओरडण्याविषयीही दोन शब्द हवेत. गाब्रिएले वुल्फ व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत, आपल्या मनगटाकडे लक्ष ठेवून फेकणाऱ्यांपेक्षा कड्याकडे लक्ष ठेवून फेकणारे अधिक अचूक ठरले, आणि त्यांच्या स्नायूंना श्रमही कमी पडले. जोन विकर्स यांनी १९९६ साली फ्री थ्रो फेकणाऱ्यांची नजर मोजली. निष्णात खेळाडू फेकीपूर्वी कड्यावरील एका बिंदूवर नजर अधिक काळ खिळवतो, नवखा ती भिरभिरवतो. कोपर आणि मनगट यांचा जप करीत राहणारा शिक्षक मुलाचे लक्ष नेमके जेथून काढायला हवे तेथेच बांधून ठेवतो. 'कड्याच्या मागच्या कडेवरून चेंडू आत टाक' एवढे सांगितले तर पुरते.

शाळा हे का करीत नाहीत? अनास्था हे अर्धे उत्तर झाले. आंतरशालेय स्पर्धांत सर्वांत लहान गट चौदा वर्षांखालचा असतो आणि तेथे कडे दहा फुटांवरच असते. पाचवी-सहावीतल्या मुलाला त्या संघात घ्यायचे, तर त्याला त्याच कड्यावर तयार करावे लागते. कडे खाली आणणारा शिक्षक स्पर्धेत हरतो आणि शाळेच्या वार्षिक अहवालात उत्तर देत बसतो. त्यात पन्नास-साठ मुलांचा वर्ग, दोन चेंडू, आणि परीक्षा जवळ आली की गणिताने गिळलेला खेळाचा तास. अशा शिक्षकाला संशोधनाचे दाखले ऐकवणे सोपे आहे. म्हणून सुरुवात स्पर्धा भरवणाऱ्यांकडून व्हावी: बारा वर्षांखालील मुलामुलींचा निराळा गट, २.६० मीटरवर कडे, पाच क्रमांकाचा चेंडू. जिल्हा क्रीडा कार्यालयाने आणि शहरातील जुन्या क्रीडासंस्थांनी हे एका वर्षापुरते जरी करून पाहिले, तरी शाळा आपोआप मागे येतील. खर्चाचा बाऊ कोणी करू नये. जुन्या खांबालाच खालच्या उंचीवर दुसरा फळा आणि कडे बसवण्याचे काम शाळेजवळचा वेल्डर एका दुपारी करून देऊ शकतो.