दोन पाषाणांमधला हातभर गाळ

१९९४च्या उन्हाळ्यात काटोलकडे माझ्या मामांच्या शेतात विहिरीचं काम चाललं होतं. वरचा मुरूम सरल्यावर काळा पाषाण लागला आणि सुरुंग लावून लावून मामा मेटाकुटीला आले. एका दुपारी खालून मिस्त्री ओरडला, "भाऊ, दगड सरला! माती लागली!" मामांनी गूळ वाटला. पण खाली वाकून बघताना मला एकच प्रश्न पडला होता. पाषाणाच्या खाली माती आली कुठून?

टोपल्यांतून वर आली ती माती नव्हतीच. राखाडी, पापुद्र्यापापुद्र्यांनी सुटणारा तो मऊ दगड होता. त्याची जाडी जेमतेम दोन हात भरली. त्याखाली पुन्हा काळा पाषाण. एक ढेकूळ फोडलं तर आत बोटाच्या पेराएवढा गोगलगाईचा शंख, पुरता दगड झालेला. मी तेव्हा एका जिनिंगमध्ये हिशेब लिहीत असे. बारावीनंतर शिक्षण सुटलेलं. भूशास्त्राशी संबंध एवढाच की, शाळेत अग्निजन्य, स्तरित आणि रूपांतरित असे तीन खडक पाठ केले होते. त्या ढेकळाने मला पुढची तीस वर्षं कामाला लावलं.

स्तरित खडक म्हणजे मुळात गाळ. तो कसा बसतो ते पाहायला घरातली काचेची बरणी पुरते. शेतातली मूठभर माती पाण्यात ढवळून बरणी ठेवून द्यावी. वाळू काही सेकंदांत तळाशी जाते, त्यावर बारीक पोयटा बसतो आणि चिकणमातीमुळे पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच दिसतं. बारीक गाळाचा हिशेब मोठा विलक्षण आहे. कणाचा व्यास दहापट कमी झाला, तर तो बुडण्याचा वेग शंभरपट कमी होतो. नदीही हेच करते. ओढ असते तोवर गोटे आणि वाळू वाहून नेते, ओढ कमी झाली की आधी जड ते टाकते. चिकणमाती खाली बसायला मात्र जवळजवळ स्थिर पाणी लागतं. म्हणून बारीक पापुद्र्यांचा दगड दिसला की, तिथे कधीकाळी संथ पाणी होतं असा पहिला तर्क करता येतो. पुढे वरच्या भाराने गाळातलं पाणी पिळून निघतं, जाडी घटते आणि पाण्यात विरघळलेला चुना, सिलिका किंवा लोह कणांमध्ये उतरून त्यांना सांधतं.

इथे एक घोटाळा दूर करायला हवा. सह्याद्रीच्या घाटांत डोंगरांना पायऱ्यापायऱ्यांचे थर दिसतात. प्रवासी त्यांना स्तरित खडक म्हणतात, पण ते एकावर एक वाहिलेल्या लाव्हांचे थर आहेत. घाटरस्त्याच्या कापात मधूनच दिसणारी तांबडी पट्टीही बहुतेक वेळा तळ्याचा गाळ नसते; ती लाव्हाच्या माथ्याची कुजून झालेली आणि पुढच्या लाव्हाने भाजलेली माती असते. खरा गाळ दोन लाव्हांमध्ये क्वचित सापडतो, आणि तोही हातभर. अभ्यासक त्याला इंटरट्रॅपीयन म्हणतात.

माझा शंख नवा नव्हता हे मला फार उशिरा कळलं. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना १८५१मध्ये नागपूरजवळच्या टाकळीला असेच जीवाश्म सापडले होते. नागपूरच्या परिसरातले खडक आणि जीवाश्म यांवरचा त्यांचा निबंध १८५५मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात आला. सीताबर्डीच्या टेकडीतही त्यांनी हीच रचना पाहिली होती: वर लाव्हा, खाली लाव्हा आणि मध्ये गोड्या पाण्याचा गाळ. त्यातला फायसा नावाचा शंख ओळखायला सोपा. टोक वर धरलं की त्याचं तोंड डावीकडे येतं. बहुतेक शंखांचं उजवीकडे असतं. माझाही डावराच निघाला.

आता खरा पेच. निकोलस स्टेनो याने १६६९मध्ये मांडलेला नियम असा, की थर विस्कटलेले नसतील तर खालचा आधीचा आणि वरचा नंतरचा. गाळाला हा नियम चपखल बसतो. पण वितळलेला खडक खालून वर घुसू शकतो. मग खालचा पाषाण तळ्याच्या आधीचा, की मागाहून गाळाखाली शिरलेला? एकोणिसाव्या शतकात हा विचारही गांभीर्याने झाला होता. निकाल लागतो तो सांध्यांवर. लाव्हा गाळावरून वाहिली तर गाळाचा माथा विटेसारखा भाजतो. खालून शिरली तर बूडही भाजायला हवं. मामांच्या विहिरीतल्या गाळाचा माथा कडक, तांबूस झालेला होता. बूड मऊच होतं आणि त्यात खालच्या पाषाणाचे कुजके खडे मिसळलेले होते. म्हणजे आधी लाव्हा निवली, तिचा माथा झिजला, खोलगट जागी पाणी साचलं, त्यात गोगलगाई आल्या, आणि मग दुसरी लाव्हा आली. ही सगळी गोष्ट सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीची.

अशा तळ्यांत काय काय होतं! छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलानच्या गाळात सिलिका इतकी बारकाईने मुरली आहे की, फळं आणि खोडं पेशीपेशींसकट टिकली आहेत. बिरबल साहनींनी त्यांचा अभ्यास केला. आज शेतकरी गुरांना घालतात तो अझोला, त्याचा एक पूर्वजही साहनींना याच प्रकारच्या दगडात सापडला. मुंबईत वरळीच्या काळ्या गाळखडकात तर बेडकांचे चिमुकले सांगाडे निघाले. रिचर्ड ओवेन यांनी १८४७मध्ये त्यांचं वर्णन केलं.

एवढं वाचून झाल्यावर मला शहाणपण आलं असं वाटलं आणि मी एका वृत्तपत्राच्या पुरवणीत लेख लिहिला. तळ्यात वर्षाला एक मिलिमीटर गाळ धरला, थर नव्वद सेंटिमीटर. म्हणजे तळं नऊशे वर्षं टिकलं! जिनिंगचा हिशेब खडकाला लावला. आठवड्याभरात एका निवृत्त प्राध्यापकांचं पोस्टकार्ड आलं. त्यात एकच ओळ होती: "गाळ मोजलात, रेघा मोजल्यात का?"

दोन दिवस मी चिडलेला होतो. मग ढेकूळ पुन्हा काढून भिंगाखाली धरलं. तो दगड जिथे जिथे पापुद्रा होऊन सुटत होता, तिथे तिथे काहीतरी थांबलं किंवा बदललं होतं. गावचा तलाव आठवा. पुराच्या एका रात्रीत वीतभर गाळ येतो. मग चार कोरडी वर्षं काहीच येत नाही, उन्हाळ्यात तळाला भेगा पडतात, वरची पापडी वाऱ्याने उडते, आणि पुढचा पूर साचलेल्यातलंही थोडं खरवडून नेतो. म्हणजे जाड थर एका रात्रीचा असू शकतो आणि दोन थरांमधल्या केसाएवढ्या रेघेत शेकडो वर्षं गेलेली असू शकतात. त्यातून ओला चिखल दबून आक्रसलेला. आजचे नव्वद सेंटिमीटर मुळात कितीतरी जाड होते. माझे नऊशे वर्षं म्हणजे नुसती दमदार थाप होती. पुरवणीकडे दुरुस्ती पाठवली, ती छापली गेली नाही. म्हणून ती इथे करतो आहे.

हिस्लॉप १८६३मध्ये वारले. टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना रात्री पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले. असा ओढा एका रात्रीत किती गाळ टाकतो हे नागपूरकडे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

मला आज काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. विहीर खणताना थर जिथल्या तिथे दिसतो. माथा कुठला, बूड कुठलं हे हाताने चाचपता येतं. बोअरवेलमध्ये सगळ्याचा भुगा होऊन तो फवाऱ्यासारखा बाहेर पडतो. भुग्यात शंख नसतो, भाजलेला माथा नसतो, रेघ तर नसतेच. शहरातल्या टेकड्यांच्या कापांना सिमेंटची भिंत लागते. गेल्या पंधरा वर्षांत नागपूर आणि काटोलच्या दरम्यान मी नोंदवलेल्या अकरा विहिरींपैकी सात बांधून काढल्या, दोन बुजवल्या. बांधणं चूक नाही. गाळाचा मऊ थर पावसाळ्यात ढासळतो आणि वरचा पाषाण अधांतरी लटकतो, माणसं दगावतात. मामांची विहीरही मामेभावाने गेल्या वर्षी बांधून घेतली.

बांधकामाआधी त्याने फोन केला होता. मी दोन दिवस शिडीवर बसून तो थर इंचाइंचाने उतरवून घेतला. पांढरा रंग लावून दर वीतभरावर खूण केली, फोटो काढले, माथ्याचा, मधला आणि बुडाचा असे तुकडे वेगवेगळ्या पिशव्यांत भरले आणि प्रत्येकावर वरची बाजू कुठली त्याचा बाण काढला. या वेळी रेघाही मोजल्या. ठळक अशा त्रेचाळीस भरल्या. त्यांतल्या सहांवर चिखलाच्या भेगा आहेत, म्हणजे तळं निदान सहादा तळापर्यंत आटलं होतं. वर्षं किती, ते मी लिहिलेलं नाही.

मामेभावाने मिस्त्रीला सांगून बांधकामात हातभर लांबीची एक फट उघडी ठेवली आहे, उत्तरेच्या बाजूला, पाण्याच्या पातळीच्या वर. उन्हाळ्यात दुपारी तिथे ऊन पोचतं.