सोयरिक केव्हा जुळते?

साखरपुडा झाला की मुलगी भावी सासूला ‘आई’ म्हणू लागते आणि मुलगाही सणावाराला तिच्या घरी हक्काने जातो. हा जिव्हाळा स्वागतार्ह आहे. परंतु ख्रिस्तसभेच्या दृष्टीने त्या दिवशी अद्याप कोणतेही नाते जुळलेले नसते. १९८३ च्या ख्रिस्तसभेच्या कायद्यातील कलम १०९ नुसार सोयरिक केवळ वैध विवाहातूनच उत्पन्न होते. साखरपुडा मोडल्यास झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येते, विवाहाची सक्ती मात्र करता येत नाही (कलम १०६२). तेव्हा विवाहापूर्वीच मुलीकडून घरकामाची किंवा मुलाकडून पैशांची अपेक्षा धरणे उचित नव्हे. तोवर ती दोघे त्या घरची पाहुणेच होत.

विवाहाने जुळलेली सोयरिक मात्र जोडीदाराच्या मृत्यूनेही तुटत नाही. म्हणूनच विधवा सुनेचा सासऱ्याशी अथवा विधुर जावयाचा सासूशी विवाह कलम १०९२ अन्वये अवैध ठरतो.

या नात्यात वडीलधाऱ्यांनी कितपत बोलावे? सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे सोडविणाऱ्या मोशेला त्याचा सासरा इथ्रो याने हाताखाली अधिकारी नेमण्याचा सल्ला दिला. जावयाने तो मानला. त्यानंतर इथ्रो स्वदेशी परत गेला (निर्गम १८). हा शेवटचा भाग आपल्याकडे कोणी फारसा वाचत नसावे!

खरी कसोटी लागते ती मुलगा निवर्तल्यावर. ‘आता तुझे येथे काय उरले?’ असे तरुण विधवेला ऐकविणारी घरे आपल्यातही आहेत. नामीनेही आपल्या दोन्ही विधवा सुनांना माहेरी परत जाण्यास सांगितले होते. परंतु ते त्यांच्या भल्यासाठी, घराबाहेर काढण्यासाठी नव्हे. अर्पा परतली, तिला शास्त्र दोष देत नाही. रूथ राहिली. २७ एप्रिल २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी याच सासू-सुनेवर प्रबोधन केले आणि सासवांना जिभेवर ताबा ठेवण्याची सूचनाही केली.

वृद्ध मातापित्यांच्या निर्वाहासाठी भारतात २००७ साली कायदा झाला. त्यातील ‘अपत्य’ या शब्दाच्या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू व नात यांचा समावेश झाला. सून व जावई यांचा नाही. नामीला मुलगे उरले नव्हते. तिच्यासाठी बेथलेहेमच्या शेतात सरवा वेचायला गेली ती सून.