स्तनातील सौम्य गाठी
स्तनातील सौम्य गाठी : स्तनाच्या ऊतकात उत्पन्न होणाऱ्या, परंतु शेजारच्या ऊतकांत न घुसणाऱ्या व शरीरात अन्यत्र न पसरणाऱ्या गाठींना ही संज्ञा लावतात [→ अर्बुद]. स्तनात आढळणाऱ्या बहुसंख्य गाठी याच प्रकारच्या असतात. तथापि गाठ सौम्य आहे किंवा नाही हे तपासणीअंती ठरते, ती दुखते की नाही यावरून नव्हे. ‘दुखत नाही, मग राहू द्या’ हा नांदेड-लातूरकडील खेड्यापाड्यांतच नव्हे, तर शहरांतही आढळणारा समज घातक होय. कारण कर्करोगाची गाठ सुरुवातीस बहुधा वेदनारहितच असते. उलट पाळीपूर्वी ठणकणारा गाठाळपणा हॉर्मोनांच्या मासिक चढउतारामुळे येतो व पाळीनंतर पुष्कळदा ओसरतो.

तरुण स्त्रियांत, विशेषतः १५ ते ३५ या वयात, सर्वांत अधिक आढळते ते तंतुग्रंथ्यर्बुद किंवा फायब्रोॲडिनोमा. ही गाठ गुळगुळीत, रबरासारखी असून बोटाखालून सहज निसटते. पस्तिशीनंतर रजोनिवृत्तीपर्यंत द्रवार्बुदे (द्रवाने भरलेल्या पिशव्या) अधिक आढळतात. मार लागल्यानंतर चरबीचा भाग मृत होऊन झालेली गाठ इतकी कठीण लागते की, अनुभवी शल्यचिकित्सकालाही कर्करोगाची शंका यावी. अंगावर पाजणाऱ्या मातेस विद्रधी (पू झालेली गाठ) होतो. वारंवार फुटणारे, नाडीव्रण ठेवणारे गळू असल्यास आपल्याकडे क्षयाचाही विचार करावा लागतो.

निदानासाठी त्रिविध परीक्षा करतात. प्रथम दोन्ही स्तन व काखा हाताने तपासतात. नंतर प्रतिमा घेतात. तरुण वयात स्तनाचे ऊतक दाट असल्याने सोनोग्राफी व सामान्यतः चाळिशीनंतर तिच्या जोडीस मॅमोग्राफी उपयुक्त ठरते. शेवटी आवश्यकतेनुसार सुईने कोशिका अथवा ऊतकाचा बारीक तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. सुई टोचल्याने गाठ ‘चिडते’ व कर्करोग होतो, या समजुतीस आधार नाही. तिन्ही निष्कर्ष जुळले तरच निश्चिंत राहता येते. एकही विसंगत असेल, तर पुढील तपासणी टाळू नये.

नांदेड येथे १९८८ मध्ये व लातूर येथे २००२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तरीही किनवटसारख्या दूरच्या तालुक्यातील स्त्रीला तपासणीसाठी एक व अहवालासाठी दुसरी खेप पडली, तर दुसरी खेप बहुधा मजुरीच्या दिवसासाठी सोडून दिली जाते. संकोच हे दुसरे कारण. मुंबईत १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांवर झालेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रशिक्षित महिला आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने केलेल्या तपासणीमुळे कर्करोग अधिक लवकरच्या अवस्थेत सापडले. म्हणजे पहिली पायरी यंत्रावाचूनही चढता येते.

चिकित्सा : सौम्यत्व सिद्ध झालेल्या लहान तंतुग्रंथ्यर्बुदास शस्त्रक्रियेची गरज नसते. अनेक गाठी तशाच राहतात, काही आपोआप आक्रसतात. साध्या तंतुग्रंथ्यर्बुदाचे कर्करोगात रूपांतर होणे अत्यंत विरळ आहे. सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करून आकार पडताळतात. गाठ वाढू लागल्यास, सुमारे ३ सेंमी.पेक्षा मोठी असल्यास किंवा रुग्णाची इच्छा असल्यास ती काढतात. लग्न जमण्यात अडचण नको म्हणून घाईने गाठ काढवून घेण्याचा कल दिसतो; व्रण मात्र कायम राहतो, हे आधी सांगितले पाहिजे. त्रासदायक द्रवार्बुदातील द्रव सुईने काढतात. तो रक्तमिश्रित असल्यास किंवा गाठ शिल्लक राहिल्यास जीवोतक परीक्षा आवश्यक ठरते. विद्रधीत प्रतिजैविके देऊन सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाखाली पू सुईने, लागल्यास पुनःपुन्हा, काढतात. मोठा छेद प्रत्येक वेळी लागत नाही व स्तनपानही सहसा थांबवावे लागत नाही. झपाट्याने वाढणारे पर्णाकार अर्बुद मात्र सौम्य असले, तरी सभोवतालच्या निरोगी ऊतकासह काढावे लागते, अन्यथा ते त्याच जागी पुन्हा उद्‌भवण्याचा संभव असतो. काढलेली प्रत्येक गाठ विकृतिवैज्ञानिक तपासणीस पाठवितात व तो अहवाल रुग्णाने जपून ठेवावयाचा असतो.