अणे, माधव श्रीहरि

(२९ ऑगस्ट १८८०—२६ जानेवारी १९६८). विदर्भातील टिळकपंथीय राष्ट्रीय पुढारी, विधिज्ञ, संसदपटू व संस्कृत पंडित. ‘बापूजी’ व ‘लोकनायक’ या नावांनी ते अधिक परिचित आहेत. यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे, वेदविद्येची परंपरा असलेल्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयातून १९०२ साली ते पदवीधर झाले. त्यानंतर काही वर्षे त्यांनी अमरावती येथे अध्यापन केले आणि कायद्याची परीक्षा उत्तीर्ण होऊन १९०८ च्या सुमारास यवतमाळ येथे वकिलीस प्रारंभ केला.

अणे राजकारणात आले ते ऐन तारुण्यात, आणि तो काळ मोठ्या धामधुमीचा होता. वंगभंगाच्या चळवळीने वऱ्हाडातील सुशिक्षित तरुण टिळकांकडे ओढला गेला होता. त्या वेळी ‘राष्ट्रीय पक्ष’ या शब्दाला महाराष्ट्रात व वऱ्हाडात निश्चित अर्थ होता : अर्जविनंत्यांवर विसंबणाऱ्या नेमस्तांहून वेगळा, स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार व राष्ट्रीय शिक्षण यांचा पुरस्कार करणारा जहाल गट. याच सुमारास फ्रान्समध्ये मॉरिस बारेस याच्यासारखे लेखक ‘राष्ट्रवादी’ हे विशेषण अभिमानाने मिरवीत होते. पण त्यांचे राष्ट्र स्वतंत्र होते आणि त्यांचा रोख मुख्यतः राष्ट्राच्या आत शिरलेल्या परकीयावर होता. वऱ्हाडातील राष्ट्रीय तरुणापुढील परकीय हा सत्ताधारी होता. शब्द एकच असला, तरी हा भेद लक्षात घेतल्यावाचून अण्यांच्या चरित्राचा उलगडा होत नाही.

यवतमाळच्या हरिकिशोर या पत्रातील लेखनामुळे अण्यांची वकिलीची सनद एका वर्षापुरती स्थगित करण्यात आली. नवशिक्या वकिलाच्या दृष्टीने ही शिक्षा लहान नव्हती. जिल्ह्यातील त्यांचे नेतृत्व मात्र तिच्यामुळे दृढ झाले. १९१६ मध्ये टिळकांनी स्थापन केलेल्या होमरूल लीगच्या कार्यक्षेत्रात मध्यप्रांत-वऱ्हाडचाही समावेश होता. अणे तिचे एक उपाध्यक्ष होते. १९२१ पासून १९३० पर्यंत ते वऱ्हाड प्रांतिक काँग्रेस समितीचे अध्यक्ष होते.

गांधीजींचे नेतृत्व अण्यांनी मान्य केले, पण त्यांचा असहकाराचा सिद्धांत त्यांना कधीच पूर्णपणे पटला नाही. कायदेमंडळे ओस टाकल्याने ती सरकारच्या होयबांच्या हाती जातात, असे टिळकांच्या शिष्यांचे म्हणणे होते. अणे स्वराज्य पक्षातर्फे केंद्रीय विधिमंडळात निवडून गेले. ऑक्टोबर १९२५ मध्ये अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे यांनी मध्यप्रांताच्या कार्यकारी मंडळातील पद स्वीकारले, तेव्हा स्वराज्य पक्षात उघड फूट पडली. जयकर, केळकर, मुंजे व अणे यांनी प्रतियोगी सहकारितेचा पक्ष उभारला. सरकार जेथे लोकहिताचे करील तेथे सहकार्य आणि जेथे करणार नाही तेथे विरोध, हे टिळकांचे सूत्र त्यांनी पुढे केले. हा पक्ष बहुजनांत रुजला नाही. वकील, संपादक व जमीनदार यांच्या वर्तुळापलीकडे तो फारसा गेला नाही, असे म्हटले पाहिजे.

या पार्श्वभूमीवर १९३० चा जंगल सत्याग्रह हा अण्यांच्या जीवनातील सर्वांत उल्लेखनीय प्रसंग ठरतो. गांधीजींच्या दांडीयात्रेनंतर देशभर मिठाचा कायदा मोडण्यात आला. विदर्भाला मात्र समुद्र नाही. अकोला जिल्ह्यात दहीहंडा येथे खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढून सत्याग्रह झाला. पण यवतमाळसारख्या डोंगराळ जिल्ह्यात मिठाच्या कायद्याला लोकांच्या दैनंदिन जीवनात तितके स्थान नव्हते. तेथे जाचत होता तो जंगलचा कायदा. जिल्ह्याचे त्या वेळी यवतमाळ, दारव्हा, केळापूर, वणी व पुसद असे पाच तालुके होते. आजचा उमरखेड तालुका पुसदमध्येच मोडत असे. पुसदच्या टेकड्यांपासून उमरखेडच्या दक्षिणेस पैनगंगेच्या काठापर्यंत जंगल पसरलेले होते व नदीपलीकडे निजामाचे राज्य लागे. या पट्ट्यातील बंजारा, आंध, गोंड व कुणबी कुटुंबांची गुरे रानातील चाऱ्यावर जगत. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाप्रमाणे राखीव जंगलात विनापरवाना गवत कापणे किंवा गुरे चारणे हा गुन्हा होता. ज्या रानात वाडवडिलांनी गुरे चारली, तेथेच दंड भरावा लागणे आणि गुरे कोंडवाड्यात जाणे, ही येथील शेतकऱ्याची नित्याची तक्रार होती. स्वराज्याचा प्रश्न तिच्याशी जोडला गेला, तो या सत्याग्रहाने.

१० जुलै १९३० रोजी पुसदजवळच्या राखीव जंगलात अण्यांनी विळ्याने गवत कापून कायदा मोडला. त्यांना अटक झाली व सहा महिन्यांची शिक्षा देण्यात आली. पन्नाशीला आलेला, कायदेमंडळात घटनेची कलमे चर्चिणारा वकील मूठभर गवतासाठी तुरुंगात गेला, याचा परिणाम फार मोठा झाला. जंगल सत्याग्रहाचे लोण विदर्भात व मध्यप्रांतात पसरले. त्याच महिन्याच्या २१ तारखेस यवतमाळनजीक लोहारा येथे डॉ. केशव बळिराम हेडगेवार यांनी सत्याग्रह केला व त्यांना नऊ महिन्यांची शिक्षा झाली. असहकाराबद्दल साशंक असलेल्या टिळकपंथीयांनी या सत्याग्रहात पुढाकार घ्यावा, ही गोष्ट वरवर विसंगत वाटते. परंतु प्रतियोगी सहकारितेत विरोधाचे अंगही अंतर्भूत होते, हे विसरता येत नाही.

१९३३ मध्ये काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष म्हणून सामुदायिक कायदेभंग स्थगित केल्याचे जाहीर करण्याचे अप्रिय काम अण्यांच्या वाट्यास आले. पुढच्याच वर्षी ते काँग्रेसशी विभक्त झाले. १६ ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्याने विभक्त मतदारसंघ कायम ठेवले होते. काँग्रेस कार्यकारिणीने हा निवाडा स्वीकारला नाही, तसाच धिक्कारलाही नाही. मदनमोहन मालवीय व अणे यांना ही तटस्थता अमान्य होती. अण्यांपुरते पाहता यात नवे असे काही नव्हते. १९२८ च्या नेहरू अहवालाच्या समितीत ते सदस्य होते आणि त्या अहवालाने संयुक्त मतदारसंघांचीच शिफारस केली होती. मालवीय व अणे यांनी १९३४ मध्ये काँग्रेस राष्ट्रीय पक्ष काढला. केंद्रीय विधिमंडळाच्या निवडणुकीत त्याला बाराच्या आसपास जागा मिळाल्या. हा पक्ष बहुसंख्याकांच्या भयगंडावर उभा आहे, अशी टीका झाली. ती सर्वस्वी निराधार नव्हती. हिंदू महासभेशी असलेला अण्यांचा निकटचा संबंध सर्वश्रुत होता.

१९४१ मध्ये अण्यांनी व्हाइसरॉयच्या विस्तारित कार्यकारी मंडळात परदेशस्थ भारतीयांचे खाते स्वीकारले. काँग्रेसचे नेते ऑगस्ट १९४२ मध्ये गजाआड गेले, तेव्हा ते या मंडळाचे सदस्य होते. त्याच महिन्यात चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे उठाव झाला; काही अधिकारी मारले गेले आणि पुढे लष्कर व पोलिसांकडून तेथील स्त्रियांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी आल्या. त्यांच्या चौकशीसाठी सेवाग्रामचे प्रा. भन्साळी दिल्लीस जाऊन अण्यांना भेटले; समाधान न झाल्याने त्यांनी अण्यांच्या निवासस्थानीच उपोषण आरंभिले. तेथून त्यांना हलविण्यात आले, तरी उपोषण पुढे एकूण त्रेसष्ट दिवस चालले. विदर्भातीलच एका गावाचे गाऱ्हाणे विदर्भाच्याच नेत्याच्या दारात यावे आणि सरकारात असूनही त्याला त्याचे निवारण करता येऊ नये, यातून सहकारितेच्या धोरणाची मर्यादा उघड झाली. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी आगाखान राजवाड्यात एकवीस दिवसांचे उपोषण सुरू केले. सरकार त्यांना मुक्त करावयास तयार नाही असे दिसताच अणे, होमी मोदी व नलिनीरंजन सरकार यांनी १७ फेब्रुवारीस पदत्याग केला.

त्यानंतर अणे श्रीलंकेत भारताचे प्रतिनिधी (१९४३–४७) व बिहारचे राज्यपाल (१९४८–५२) होते. १९६० मध्ये विदर्भ महाराष्ट्रात समाविष्ट झाला, तरी स्वतंत्र विदर्भाची मागणी त्यांनी सोडली नाही. त्याच प्रश्नावर १९६२ साली नागपूरमधून अपक्ष म्हणून ते लोकसभेवर निवडून आले. १९६८ मध्ये त्यांना पद्मविभूषण जाहीर झाले.

राजकारणाच्या धकाधकीतही त्यांचा संस्कृतचा व्यासंग खंडित झाला नाही. उतारवयात त्यांनी लोकमान्य टिळकांच्या जीवनावर श्रीतिलकयशोऽर्णवः हे विस्तृत संस्कृत महाकाव्य रचले. त्यास १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मरणोत्तर देण्यात आला.