नातीचे वाढते अंग आणि आजीची नजर

नातीची वेणी घालताना किंवा तिला न्हाऊ घालताना एखाद्या दिवशी आपल्या हाताला काही वेगळे जाणवते. पोर अजून दुसरीत आहे, रात्री गोष्ट ऐकल्याशिवाय तिला झोप येत नाही. आणि तिच्या छातीशी सुपारीएवढी गाठ लागते. ‘‘दुखतंय गं आजी,’’ ती सहज सांगून जाते. आपल्या काळजात मात्र धस्स होते.

टेंभुर्णीसारख्या गावात असे क्षण आजी-आजोबांच्याच वाट्याला येतात. महामार्गावरचे हे गाव. कोणाचा मुलगा पुण्याला नोकरीस, कोणाची सून दिवसभर कामावर, कोणाचे घर उसाच्या हंगामात पहाटेपासून शेतात. नातवंडांची अंघोळ, शाळेचा डबा, ताप-खोकला हे सारे आपल्याकडे. म्हणून मुलांच्या शरीरातला बदल आई-बापांच्या आधी आपल्या लक्षात येतो. त्या वेळी शेजारच्या बायका दोन सल्ले देतात. एकीचे म्हणणे, ‘‘हल्ली दुधातच इंजेक्शन असतं.’’ दुसरी सांगते, ‘‘बोलू नका कुठे, पोरीच्या जातीला लवकर न्हाण येणं बरं नव्हे.’’ पहिला सल्ला चुकीच्या दिशेने नेतो आणि दुसरा मौल्यवान वेळ घालवतो. म्हणून खरे काय आहे ते आपण नीट समजून घ्यावे.

मेंदूतले घड्याळ

वयात येण्याची सुरुवात मेंदूत होते. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग आहे. बालपणी तो जणू डुलकी घेत असतो. योग्य वेळी तो ठरावीक अंतराने एक संप्रेरक सोडू लागतो. त्याने पिट्युटरी ग्रंथी जागी होते, आणि तिच्या आज्ञेने मुलीच्या बीजांडकोशांतून इस्ट्रोजेन, तर मुलाच्या वृषणांतून टेस्टोस्टेरॉन स्रवू लागते. या घड्याळाची किल्ली कोण फिरवते, हे कोडे बरीच वर्षे सुटले नव्हते. २००३ साली किसपेप्टिन या द्रव्याचा त्यातील वाटा उघड झाला. २०१३ मध्ये असे एक जनुक सापडले, की त्यात बिघाड असेल तर मूल लवकर वयात येते. आणि हा बिघाड परिणाम करतो तो वडिलांकडून आला तरच. २०२१ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवले, की शरीरात अन्नाचा साठा किती आहे याची वर्दी घेणारा एक ग्राहक मेंदूत असतो आणि वाढ व वयात येणे या दोहोंचा वेग ठरवण्यात त्याचा हात असतो. ‘खाल्लेले अंगी लागते’ हे आपले म्हणणे वयात येण्यालाही लागू पडते, ते असे.

मुलींमध्ये ८ ते १३ आणि मुलांमध्ये ९ ते १४ या वर्षांत हे बदल सुरू होणे स्वाभाविक मानतात. मुलीत प्रथम छातीचा उभार येतो. पाळी त्यानंतर साधारण दोन-अडीच वर्षांनी. ८ वर्षांच्या आत मुलीत किंवा ९ वर्षांच्या आत मुलात चिन्हे दिसली, तर त्यास अकाली वयात येणे म्हणतात.

आपला काळ आणि आताचा

‘आमच्या वेळी असे नव्हते’ हे आपले वाक्य निराधार नाही. कोपनहेगनमध्ये १९९१ साली मुलींच्या छातीच्या वाढीचे सरासरी वय १०.८८ वर्षे होते. २००६ च्या सुमारास ते ९.८६ वर आले. २०२० साली जगभरच्या अभ्यासांचा एकत्र विचार झाला, तेव्हा १९७७ ते २०१३ या काळात हे वय दर दशकास सुमारे तीन महिन्यांनी खाली येत गेल्याचे दिसले. पाळीचे वय मात्र तेवढ्या वेगाने घसरलेले नाही.

आपल्याजवळचे उदाहरण पुण्याचे आहे. टाळेबंदीच्या काळात अकाली वयात येणाऱ्या मुली अधिक संख्येने येऊ लागल्याचे पुण्यातील बालसंप्रेरकतज्ज्ञांना आढळले, आणि त्यांनी तो अनुभव २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. इटलीतील डॉक्टरांनीही तसेच नोंदवले होते. वाढलेले वजन, थांबलेले खेळ, मोबाइलपुढची जागरणे, घरातला ताण अशी कारणे सुचवली जातात. त्यांपैकी वजनाचा संबंध सर्वांत स्पष्ट आहे. शरीरातील चरबी लेप्टिन नावाचे संप्रेरक तयार करते आणि ‘साठा पुरेसा आहे’ असा निरोप मेंदूला पोहोचवते.

येथे आपल्या मायेचाही विचार करावा लागतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व बालकांचा अभ्यास चालवला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. मात्र आपल्या बाळांत स्नायू कमी असूनही चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणजे मूल दिसायला किडकिडीत असले तरी अंगात चरबी असू शकते. जन्मतः लहान असलेल्या बाळाचे वजन पुढे भराभर वाढले, तर वयात येणेही लवकर होऊ शकते. ‘पोर वाळलंय’ म्हणून बिस्किटे, फरसाण, गोड पेये पुढे करण्याआधी हे ध्यानी घ्यावे. भाकरी, डाळ-उसळ, अंडे, दूध, हंगामी फळ आणि अंगणातला तासभर खेळ यांनी वाढ होते आणि अनाठायी चरबीही चढत नाही.

दुधाची शंका

गाई-म्हशींना पान्हा सोडण्यासाठी ऑक्सिटोसिन टोचणे हा गैरप्रकार आहे. जनावराच्या हितासाठी तो थांबलाच पाहिजे. परंतु ऑक्सिटोसिन हे प्रथिनासारखे द्रव्य पोटात गेल्यावर पचून जाते आणि वयात येण्याचे घड्याळ ते चालवत नाही. त्या धास्तीने मुलीचे दूध तोडू नका. हाडे भरण्याच्या वयात तिला त्याची गरज असते.

लक्ष द्यायचे ते आपल्या औषधांच्या फडताळाकडे. घरातील ज्येष्ठांपैकी कोणास इस्ट्रोजेनचे मलम किंवा टेस्टोस्टेरॉनचे जेल दिलेले असेल, तर ते लावलेली त्वचा मुलास वारंवार लागूनही त्याच्यात चिन्हे उमटू शकतात. लावल्यावर हात साबणाने धुवावेत, ती जागा कपड्याने झाकावी. उंची वाढवण्याच्या नावाखाली विकली जाणारी, चिठ्ठी नसलेली चूर्णेही मुलांना देऊ नयेत.

दाखवले नाही तर काय होते

लवकर वयात येणारी मुलगी वर्गात अचानक उंच दिसू लागते. घरच्यांना ती ‘अंगाने भरली’ याचा आनंदही होतो. पण इस्ट्रोजेन हाडांची टोके लवकर बंद करते. पाळी सुरू झाल्यावर बहुतेक मुलींची उंची आणखी ५ ते ७ सेंटिमीटरच वाढते. आठव्या-नवव्या वर्षी पाळी आली, तर आज उंच दिसणारी मुलगी मोठेपणी बुटकी राहू शकते. शिवाय मन आठ वर्षांचेच असते. त्याला रक्तस्राव, लोकांच्या नजरा आणि घरातली कुजबुज हे सारे झेलावे लागते.

उपाय आहे. डॉक्टर डाव्या मनगटाचे क्ष-किरण चित्र काढून हाडांचे वय पाहतात, रक्तातील संप्रेरके तपासतात, गरज असल्यास सोनोग्राफी किंवा मेंदूचे स्कॅन करतात. सगळ्यांनाच औषध लागत नाही. पुष्कळदा केवळ छातीचा उभार येऊन तो तेथेच थांबतो आणि काही महिने लक्ष ठेवणे पुरते. गरज पडल्यास महिन्याला किंवा तीन महिन्यांनी द्यायचे इंजेक्शन ते घड्याळ थांबवून धरते. ते बंद केल्यावर वयात येणे पुन्हा आपोआप सुरू होते. नातवात ९ वर्षांच्या आत चिन्हे दिसली, तर विलंब मुळीच नको. मुलांमध्ये त्यामागे दुसरा आजार असण्याचा संभव अधिक.

उलट बाजूही सांभाळावी. १३ वर्षांपर्यंत छातीचा उभार नसेल, १५ पर्यंत पाळी नसेल किंवा मुलात १४ पर्यंत कोणताच बदल नसेल, तरी दाखवावे. चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढते. दर वाढदिवसाला भिंतीशी उभे करून पेन्सिलीची खूण करा आणि तारीख घाला. वाढ वर्षाला ४ सेंटिमीटरहून कमी भरली, तर थायरॉइड, रक्तक्षय, आतड्यांचे आजार किंवा वाढीच्या संप्रेरकाची कमतरता तपासावी लागते. आई-वडिलांच्या उंचीची बेरीज करून मुलीसाठी तीतून १३ वजा करा, मुलासाठी १३ मिळवा आणि दोनाने भागा. वडील १६८, आई १५४ असल्यास मुलीचा अंदाज १५४.५ सेंटिमीटर येतो. ताडून पाहण्यासाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ साली आपल्याच मुलांचे वाढीचे तक्ते दिले आहेत. आपल्या बालरोगतज्ज्ञांकडे ते मिळतील.

टेंभुर्णीकरांनी प्रथम जवळच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत आले, तर त्यांना आपली नोंद दाखवा. पुढील तपासण्यांसाठी सोलापूरचे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय आहे. वयात येणाऱ्या मुला-मुलींसाठी शासकीय रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिकेही चालतात.

बोलायचे कोणी?

आपल्या पणज्यांच्या काळी न्हाण येणे म्हणजे संसारास योग्य होणे, असाच हिशेब होता. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला तो १० वरून केवळ १२ वर्षांवर आणण्यासाठी, आणि तेवढ्यावरूनही महाराष्ट्र पेटला होता. आज लग्नाचे वय १८ आहे. तरीही ‘मोठी झाली’ हा शब्द उच्चारताच काही घरांत स्थळांची भाषा सुरू होते. शरीर लवकर वाढले म्हणून मूल लवकर मोठे होत नाही, हे घरात ठामपणे सांगण्याचा मान वडीलधाऱ्यांचा.

नातीला जवळ घ्या आणि साध्या शब्दांत सांगा: ‘‘अंग वाढताना असं होतं. तुझ्या आईलाही झालं, मलाही झालं. तुझं थोडं लवकर दिसतंय, म्हणून डॉक्टरांना दाखवून येऊ. तुझं काही चुकलेलं नाही.’’ मग संध्याकाळी मुलाला फोन करून तारीख ठरवा. फोनवर बोलताना दार लोटून घ्या. नातीच्या शरीराची गोष्ट ओसरीवरच्या गप्पांत यायला नको.